नीट पुन्हा द्यायची: अकरा महिने की सहा?

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीसाठीची नीट ही प्रवेश परीक्षा वर्षातून एकदाच होते, साधारण मेमध्ये. मध्य प्रदेशातलं सरकारी दंत महाविद्यालय इंदूरमध्येच, तिथे जागा मिळावी म्हणून इथली मुलं सरसकट वर्षभराचा ड्रॉप घेतात, म्हणजे कॉलेज थांबवून फक्त नीटची तयारी करतात. दरवेळी तो लागतोच असं नाही.

आधी जुना पेपर उघडा. फिजिक्सच्या ४५ पैकी २५ प्रश्न कोरेच सोडले असतील, तर पाया कच्चा आहे. जूनपासून अकरा महिने हवेतच. यात खरी गोची डिसेंबरात होते: अभ्यासक्रम संपत आलेला, पण जूनमधलं गतिशास्त्र विसरलेलं. दर रविवारी एक जुना धडा घ्याच.

उलट प्रश्न सोडवले, पण ३० चुकले, तर नोव्हेंबरपासूनचे सहा महिने पुरतात आणि सोबत बीएस्सी करत असाल तर तिचं वर्षही बुडत नाही. चुकलेल्या प्रश्नाचे चार गुण गेले, वर एक वजा. म्हणजे ३० चुकांत १५० गुण. वहीत प्रत्येक चुकीपुढे लिहा: माहीत नव्हतं, घाईत वाचलं, की आकडेमोड फसली? जीवशास्त्राच्या ३६० गुणांसाठी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकंच ओळ न् ओळ वाचा, जाडजूड गाइड नको. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, खऱ्या पेपरच्या दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासवरून दमून आल्यावर रात्री दहाला नव्हे.