मातीच्या घरात आधाराचे दांडे: तालुक्यातील एका वेल्डिंग दुकानाच्या कामाचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील आमच्या कौलारू घरात आई-बाबांना कोणाच्या आधाराविना वावरता यावे, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही तालुक्याच्या गावातील एका वेल्डिंग दुकानाकडून काम करून घेतले. हे दुकान एरवी गेट, गोठ्याचे शेड आणि शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करते. त्याआधी शहरातील एका मोठ्या दुकानाने फोनवर छायाचित्रे पाहून दरपत्रक पाठवले होते. त्यात दांड्यांची लांबी आणि किंमत होती, भिंत कशाची आहे ही विचारपूस मात्र नव्हती.

वेल्डिंगवाल्याने पहिल्यांदा भिंतीच ठोकून पाहिल्या. मधल्या खोलीची भिंत मातीची असल्याने तिच्यात फास्टनर (भिंतीत पसरून घट्ट बसणारा बोल्ट) बसवण्यास त्याने साफ नकार दिला, कारण माणसाचा भार आला की माती भुगा होऊन सुटते आणि दांडा हातात येतो. त्याऐवजी त्याने बाबांच्या पलंगालगत काँक्रीटमध्ये उभा पाइप रोवला आणि त्याचे वरचे टोक सागवानी तुळईला पट्टीने आवळले. संडासाची भिंत विटांची असली तरी साडेचार इंचीच आहे. तेथे बोल्ट आरपार काढून बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी दिली आहे. पाइप सव्वा इंची आणि भिंतीपासून दीड इंच सुटा आहे, त्यामुळे मूठ पूर्ण बसते. बाबा पूर्ण भार टाकून उठतात, तरी दांडा हललेला नाही.

संडासाचे दार आत उघडत होते. आत कोणी पडले तर त्याच्याच अंगाने दार अडते, हे लक्षात घेऊन त्याने बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारे केले आणि बाहेरूनही निघेल अशी कडी लावली. आमच्या मागणीत हे नव्हते, पण सगळ्या कामात मोलाचे हेच ठरले. भारतीय भांड्यावर ठेवण्यासाठी त्याने केलेली स्टीलची बैठक मजबूत आहे, बाजारातील घडीच्या स्टुलासारखी डगमगत नाही. मात्र बैठक आणि भांडे यांच्यामध्ये मोकळी जागा राहिल्याने पाणी पायांवर उडते, आणि यावर त्याच्याकडे उपाय नव्हता. शिवाय १८ इंचांची उंची बाबांना सोयीची असली तरी ठेंगण्या आईचे पाय अधांतरी राहतात. पायांची उंची कमी-जास्त करता येईल अशी बैठक मागावयास हवी.

ओट्याला उतार करावा असा आमचा हट्ट होता. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे रूढ प्रमाण एकास बारा असल्याने १८ इंच उंचीच्या ओट्याला १८ फूट उतार लागतो, आणि तुळशीवृंदावनापर्यंत आमचे अंगण जेमतेम अकरा फूट आहे. तीव्र उतारावरून वॉकर घसरतो. म्हणून त्याने साडेचार इंच चढाच्या, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा सुचवला. घरात कोणी चाकाच्या खुर्चीवर नसेल तर हा सल्ला योग्यच आहे.

पायऱ्यांचे बांधकाम मात्र कच्चे निघाले. खालची काळी माती पुरेशी न काढता वर मुरमाचा पातळ थर टाकला होता. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, त्यामुळे एप्रिलमध्येच शेवटची पायरी एका अंगाला खचली. ती त्याने पैसे न घेता पुन्हा बांधली, हे खरे; पण वेल्डिंगवाल्याला गवंडीकाम देऊ नये, असे आमचे मत झाले. कठड्याचा स्टील पाइपही मे महिन्याच्या दुपारी हात लावू देत नाही. विदर्भात राहणाऱ्या कारागिराला हे सुचावयास हवे होते. शेवटी आम्हीच त्यावर सुती दोरी गुंडाळली.

दरवाजा, दांडे, बैठक आणि कठडा मिळून सुमारे सोळा हजार रुपये लागले. ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात, आणि तिच्या साहित्याच्या यादीत कमोड खुर्चीही आहे. अशा घराने खुर्ची त्या पैशांतून घ्यावी आणि या दुकानाकडून फक्त दांडे व दार करून घ्यावे. त्या दोन कामांसाठी आम्ही त्याला पुन्हा बोलावू.