दारावरचा ७८० रुपयांचा दिवा आणि एक रबरी चकती

गुढीपाडव्याच्या आठवड्यात दारासाठी अप-डाऊन दिवा घेतला, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडं झोत टाकणारा. ९ वॅट, ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड, खोक्यावर धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ६५ दर्जा छापलेला. किंमत ७८० रुपये, वायरमनची मजुरी २०० वेगळी. आता मार्गशीर्ष लागला, म्हणजे साताऱ्याचा अख्खा पावसाळा त्यानं काढलाय. मी जुलैत लिहिलं असतं तर घेऊ नका असंच लिहिलं असतं.

घेण्याचं कारण आमच्या सासूबाई. दारासमोर तीन पायऱ्या आहेत आणि शेवटची बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावून परत येताना आई हमखास तिथंच अडखळायच्या. जुना ६० वॅटचा बल्ब चौकटीच्या वर होता, त्यामुळे दारातून बाहेर पडणाऱ्याची सावली त्याच्याच पायापुढं पडायची. नवा दिवा बाजूच्या भिंतीवर आहे, त्याचा खालचा झोत नेमका पायऱ्यांवर उतरतो. पहिल्या संध्याकाळी आई उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "आता कड दिसती गं पायरीची." तिथंच माझे पैसे फिटले होते.

विजेचा हिशेबही सांगते. आमचा दिवा रोज पाच तास चालतो. जुना बल्ब महिन्याला ९ युनिट खायचा, हा दीडसुद्धा खात नाही. आणि उजेड पिवळसर असल्यानं पाखरं कमी येतात. वळवाच्या पावसानंतर शेजारच्या पांढऱ्या दिव्याखाली सकाळी सुपलीभर पंख झाडावे लागायचे, आमच्याकडं चिमूटभर.

मग जुलै आला. आमचं दार पश्चिमेला. यवतेश्वरच्या बाजूनं वाऱ्यासकट पाऊस आला की सरळ दारावर आपटतो. एका रात्री नऊच्या सुमाराला ईएलसीबी पडला, म्हणजे वीज जमिनीत गळायला लागली की अख्ख्या घराची लाईट तोडणारा खटका. वर केला की पुन्हा खाली. शेजारी सगळीकडं लाईट, आमच्याच घरात मेणबत्त्या. सकाळी वायरमन दादांनी एकेक एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाईनचा वेगळा खटका, पाडून बघितला, दिव्याचं बटण तर बंदच होतं, तरी ईएलसीबी टिकेना. शेवटी त्यांनी दारावरच्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि तो टिकला. बटण काय नि आमचे एमसीबी काय, फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर तोडतात; परतीची न्यूट्रल जोडलेलीच राहते. ओल्या दिव्यात न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर बटण बंद असूनही ईएलसीबी पडतो. घरी असं झालं तर हे लक्षात ठेवा, आमची रात्र न् अर्धा दिवस त्यात गेला.

दिवा उघडला तर आत चमचाभर पाणी. मी तशीच दुकानात. दुकानदार म्हणाले, "ताई, पाणी गेलं की वॉरंटी नाही." माझं डोकं फिरलं. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि कुठल्याही बाजूनं पाण्याचा फवारा मारला तरी चालतं. मग पावसानं कसं चालत नाही? चार गिऱ्हाइकांसमोर मी बरंच बोलले.

घरी येऊन बिल शोधायला माळ्यावरचा खोका काढला. तळाशी प्लास्टिकची बारीक पिशवी, न फोडलेली. आत दोन जादा स्क्रू आणि एक काळी रबरी चकती, रुपयाच्या नाण्याएवढी, मधे भोक. दिव्याच्या पाठीमागं वायर आत शिरते त्या भोकात ती बसवायची असते. बसवलीच नव्हती. शिवाय वायर वरून सरळ आत घेतलेली, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी वायर धरून थेट आत.

दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानदारांची माफी मागितली. त्यांनी आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग, १५० रुपयांत बदलून दिला. पण बनवणाऱ्यांवरचा राग अजून गेलेला नाही. ज्या चकतीवर तो आयपी ६५ टिकतो, ती जादा स्क्रूंच्या पिशवीत घालता? कागदावर एक चित्र नाही, मराठीत एक ओळ नाही. चकती आधीच बसवून पाठवायला काय लागतं?

आता चकती बसवलीये, वायरला आत शिरण्याआधी खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीच गळून पडतो. दिवा आणि भिंतीच्या फटीत वर आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरलं. खालची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली, चुकून ओल शिरलीच तर निघायला वाट हवी. त्यानंतर ऑगस्टचा पाऊस झाला, गणपतीतला झाला, ईएलसीबी एकदाही पडला नाही.

मागच्या आठवड्यात परसदारासाठी तसाच दुसरा आणला. दुकानातच काउंटरवर खोका उघडला, पिशवी फोडली आणि चकती वायरमन दादांच्या हातात ठेवली.