पट्ट्या चढवण्यापेक्षा उतरवलेल्या बऱ्या: कारमधील इक्वलायझरचा वापरानंतरचा अनुभव

तेरा पट्ट्यांचा इक्वलायझर (खर्जापासून उंच स्वरांपर्यंत आवाजाचा एकेक भाग वेगळा कमी-जास्त करण्याची सोय), हाय-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचा खर्ज अडवणारा) आणि टाइम अलाइनमेंट (सर्व स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोहोचावा म्हणून विलंब देण्याची सोय) असलेला टचस्क्रीन स्टिरिओ, पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (उंच स्वरांचा छोटा ट्वीटर वेगळा असलेले) आणि चालकाच्या सीटखाली आठ इंची सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) असा संच मी गेल्या दिवाळीपासून माझ्या हॅचबॅकमध्ये वापरत आहे. बेळगाव शहरातले रोजचे जाणे-येणे, अधूनमधून निपाणीमार्गे कोल्हापूर आणि सणावाराला खानापूर-जांबोटीकडचे नातेवाईक, एवढा त्याचा वापर आहे. गाडीत मुख्यतः ख्याल, अभंग आणि नाट्यसंगीत वाजते. त्यामुळे काचा थरथराव्यात अशी अपेक्षा असणाऱ्यांना या अभिप्रायाचा फारसा उपयोग होणार नाही.

बसवणाऱ्या कारागिराने गाडी ताब्यात देताना इक्वलायझरच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर चढवून मधल्या खाली ओढून ठेवल्या होत्या. ही मांडणी दुकानाच्या दारात, उभ्या गाडीत, पाच मिनिटे ऐकायला झकास वाटते, कारण खर्ज आणि झणझणीत ट्रेबल (उंच स्वर) यांनी कान लगेच भुलतो. परंतु गाणे राहते मधल्या भागात. काळी एकच्या पट्टीतला पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि शब्द स्पष्ट करणारे त्याचे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. तो पट्टाच दाबला, तर आमच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आवाजसुद्धा भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो आणि तानपुरा तर जवळजवळ नाहीसाच होतो.

इक्वलायझरला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे स्पीकरच्या तारा. एका बाजूची अधिक-उणे तार उलटी जोडली गेली, तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात आणि गायक डॅशबोर्डच्या मध्यभागी न भासता सगळीकडे विखुरल्यासारखा वाटतो; कोणतीही पट्टी चढवली तरी हा दोष जात नाही. दुसरी म्हणजे दार. आतल्या पत्र्याला असलेल्या मोठ्या भोकांतून स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. ती भोके ब्युटाइलच्या (चिकट रबरी) शीटने बंद केल्यावर, एकही पट्टी न हलवता, तबल्याचा डग्गा जितका सुधारला तितका नंतर कोणत्याच उपायाने सुधारला नाही. मात्र दाराच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छोटी छिद्रे कदापि बुजवू नयेत. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात गाडी फिरवणाऱ्याला याचे कारण वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. आवाज नीट करायचा असेल तर जे जास्त आहे ते कमी करावे, जे कमी वाटते ते वाढवण्याच्या मागे लागू नये. यामागे साधे गणित आहे. एखादी पट्टी ६ डेसिबलने चढवली की त्या भागासाठी ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती द्यावी लागते, आणि खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले तरी अशा स्टिरिओतला अंगचा ॲम्प्लिफायर प्रत्यक्षात सलगपणे वीस वॅटच्या आसपासच देऊ शकतो. त्यापुढे आवाज फाटतो आणि कालांतराने ट्वीटर जळण्याची भीती असते.

मोबाइलवरील स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप आणि पिंक नॉइज (सर्व पट्ट्यांत सारखाच जोर असलेला चाचणीचा आवाज) यांच्या साहाय्याने, काचा वर करून, मोबाइल चालकाच्या डोक्याच्या जागी धरून पाहिले, तेव्हा २०० ते ३१५ हर्ट्झच्या दरम्यान ठळक उंचवटा दिसला. हार्मोनियम घुमल्यासारखी वाटे, त्याचे कारण हेच. या दोन पट्ट्या तीन-चार डेसिबलने उतरवल्या आणि ३.१५ किलोहर्ट्झची दोनने, कारण आपला कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि काचेजवळच्या ट्वीटरमुळे तिथे कर्कशपणा येत होता. बाकी बहुतेक पट्ट्या शून्यावरच आहेत. मोबाइलच्या मायक्रोफोनवर खर्जाच्या बाबतीत विसंबू नये. तिथे ओळखीची बंदिश आणि स्वतःचा कान हेच प्रमाण मानावे. ८० हर्ट्झजवळ एक खड्डा होता, तो पट्टी चढवून हलेना. सबवूफरचा फेज स्विच (त्याच्या ध्वनिलहरी उलट्या करणारे बटण) उलटा केल्याबरोबर तो भरून आला. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास लावल्यामुळे त्यांच्यावरचा ताणही गेला.

टाइम अलाइनमेंटचा परिणाम इक्वलायझरपेक्षाही अधिक जाणवतो. उजवीकडे बसणाऱ्या चालकाला उजव्या दाराचा स्पीकर डाव्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर जवळ पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे हा फरक दीड मिलिसेकंदाचा झाला. उजव्या स्पीकरला तेवढा विलंब दिल्यावर गायक उजव्या गुडघ्यापाशी न बसता समोर येऊन बसतो.

उभ्या गाडीतली मांडणी महामार्गावर पुरत नाही. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्ट्यांत असतो, त्यामुळे वेग ऐंशीच्या वर गेला की डग्गा हरवतो. यासाठी ८० आणि १२५ हर्ट्झ प्रत्येकी दोन डेसिबलने वर व सबवूफर थोडा मोठा, अशी दुसरी मांडणी साठवून ठेवली आहे. चढवण्याविषयी वर जे लिहिले त्याला माझ्या वापरात हा एवढाच अपवाद. टपावर मुसळधार पाऊस कोसळत असताना मात्र कोणतीच मांडणी कामाची नाही. त्या वेळी ट्रेबल वाढवणे म्हणजे कान शिणवून घेणे आहे.

रेडिओपुरते एवढेच सांगतो, की धारवाड आकाशवाणीसारखी मध्यम लहरींवरील केंद्रे ऐकताना ८ किलोहर्ट्झपासून वरच्या पट्ट्या निःशंकपणे खाली न्याव्यात. मध्यम लहरींवर केंद्रांमधील अंतरच ९ किलोहर्ट्झचे असल्याने तिथे गाणे नसते, फक्त खरखर असते.

तक्रारीही आहेत. सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरी काढली की साठवलेल्या सर्व मांडण्या पुसल्या जातात, म्हणून प्रत्येक पडद्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे लागते. चालकासाठी जुळवलेला विलंब शेजारी आणि मागे बसणाऱ्यांना खटकतो; घरातील वडीलधारी मंडळी बरोबर असताना विलंब बंद केलेली तिसरी मांडणी लावतो. पण मांडणी बदलण्यासाठी चार पडदे ओलांडावे लागतात, आणि चालत्या गाडीत तो पर्याय कंपनीने बंदच ठेवला असल्यामुळे, वाटेत कोणाला गाडीत घ्यायचे असेल तर तिथे थांबलो असतानाच हा बदल उरकून घ्यावा लागतो.