सोशल मीडियामुळे वेबसाइट गुगलवर वर येते का? आठ महिन्यांचा अनुभव

आमचा शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा व्यवसाय आहे. वेबसाइट जुनी, पण नाव टाकल्याशिवाय गुगलवर ती सापडायची नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर नेटाने सुरुवात केली.

पहिले दोन महिने रोज एक पोस्ट टाकली, प्रत्येकीत वेबसाइटची लिंक. लाइक यायचे, पण सर्च कन्सोलमधला (साइट गुगलवर किती वेळा दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) आलेख जागचा हलत नव्हता. त्यातच फॉलोअर वाढवून रँकिंग आणून देतो म्हणणाऱ्या एकाला पैसे दिले. आकडा फुगला, पण त्या फॉलोअरपैकी एकानेही कधी मशीनबद्दल काही विचारलं नाही. या पैशांची अजून हळहळ वाटते. लाइक आणि फॉलोअर रँकिंगसाठी मोजले जात नाहीत, हे गुगलच्या मॅट कट्स यांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं. शिवाय या साइट्सवरच्या बहुतेक लिंकना ‘नोफॉलो’, म्हणजे ‘ही लिंक रँकिंगसाठी धरू नका’ असं गुगलला सांगणारी खूण, लावलेलं असतं. २०१९ पासून गुगल त्याला नुसती सूचना मानतं हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक तर क्लिकच होत नाही.

फरक पडला तो एका कमेंटमुळे. ‘ताई, बॉबिन बदलली तरी कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोच, काय करू?’ हाच प्रश्न त्या महिन्यात कितीतरी जणींनी विचारला होता. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत (दोऱ्याला ताण देणाऱ्या) बसलेलाच नसतो. फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरच राहतो. फूट उचलून पुन्हा ओवायचा, एवढंच. ही माहिती आमच्या वेबसाइटवर होती, पण ‘टेन्शन असेंब्ली देखभाल’ या मथळ्याखाली. असं कोण शोधणार? मग मथळ्यात त्या ताईंचेच शब्द घेतले, मिटलेल्या आणि उघड्या चकत्यांचे जवळून फोटो टाकले, एक छोटा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि तोच त्या पानावरही लावला.

दीड महिन्याने ते पान त्या प्रश्नासाठी गुगलच्या निकालांच्या पहिल्या पानावर दिसू लागलं. आधी ते पाचव्या पानाच्या आसपास होतं. मध्यंतरी शिवणक्लास घेणाऱ्या एका बाईंनी आमचा व्हिडिओ फेसबुकवर पाहून स्वतःच्या ब्लॉगवर आमच्या पानाची लिंक दिली. मला ते सर्च कन्सोलच्या लिंक रिपोर्टमधूनच कळलं. न मागता मिळालेली ती एक लिंक माझ्या लेखी दोन महिन्यांच्या रोजच्या पोस्टपेक्षा मोलाची आहे. आता आमचं नाव घालून शोधणारेही वाढलेत, आणि ते बहुतेक व्हिडिओ पाहिलेले असतात.

एक अडचण सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली माणसं अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं साधन) ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेली, म्हणून दिसतात, त्यामुळे कशाचा उपयोग होतोय ते कळत नाही. लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे ती कुठे टाकली होती ते सांगणारी शेपटी, लावायला लागल्यापासून चित्र स्पष्ट झालं. हे पहिल्या दिवसापासून करा.

आता आठवड्याला दोनच पोस्ट टाकते. उरलेला वेळ कमेंटमधले प्रश्न वहीत जसेच्या तसे उतरवण्यात जातो. सध्या सगळ्यात वरचा प्रश्न आहे, ‘जीन्स शिवताना सुई का तुटते?’ त्याचं पान अर्धं लिहून झालंय.