शिक्षक संघटनेचे सभासदत्व : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मी अनुदानित खासगी माध्यमिक शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवतो. जिल्ह्यातील एका शिक्षक संघटनेची वर्गणीची पावती मी फाडली ती मुख्यतः वरिष्ठ वेतनश्रेणीच्या रखडलेल्या प्रस्तावासाठी. 12 वर्षांची सेवा आणि विहित प्रशिक्षण पूर्ण होऊनही प्रस्ताव कार्यालयातून त्रुटी लावून परत येई, आणि दर वेळी त्रुटी निराळी असे. संघटनेच्या तालुका कार्यवाहांनी कोणालाही फोन केला नाही. त्यांनी सेवापुस्तक पाहिले, वैयक्तिक मान्यतेच्या, म्हणजे माझ्या नेमणुकीला शिक्षण विभागाने दिलेल्या मंजुरीच्या, आदेशाचा जावक क्रमांक त्यात नोंदलेलाच नाही हे दाखवले, मुख्याध्यापकांकडून ती नोंद साक्षांकित करून घ्यायला लावली आणि उरलेल्या सर्व त्रुटी एकाच पत्रात लेखी कळवाव्यात, असे निवेदन दिले. त्यानंतर वेतननिश्चिती झाली. फरकाचे बिल मात्र अजून वेतन पथकातच, म्हणजे शिक्षकांचे पगार काढणाऱ्या कार्यालयातच, आहे.

नियम जाणणारा माणूस पाठीशी असणे, हाच मला या सभासदत्वाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीच्या 1977 च्या अधिनियमानुसार बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावे लागते, आणि संस्थाचालकांची मनधरणी करण्यात ही मुदत निघून गेलेले शिक्षक कमी नसावेत. आमच्या संघटनेच्या शिबिरात ही बाब उदाहरणांसह सांगितली गेली. विनाअनुदानित शाळांतील सहकाऱ्यांसाठी मात्र संघटनेकडे सहानुभूतीपलीकडे फारसे काही दिसले नाही.

निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावरील चिकाटी मान्य करावीच लागेल. जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठीच्या मार्च 2023 च्या संपानंतरही, 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी (त्या तारखेपासूनच्या नेमणुकांना ही जुनी योजना बंद झाली) नेमणूक झालेल्या, पण शाळेला शंभर टक्के अनुदान त्यानंतर मिळालेल्या शिक्षकांचा विषय आमच्या संघटनेने प्रत्येक निवेदनात ठेवला आहे.

शिक्षक पात्रता परीक्षेबाबत मात्र मी नाराज आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिला. सवलतीची मागणी संघटनेने करणे योग्यच होते; पण मुदतीचे महिने सरत असताना बैठकांमागून बैठका घोषणांतच गेल्या आणि अभ्यासवर्ग सुरू करण्याची सूचना दोनदा पुढे ढकलली गेली. अखेर आम्ही काही शिक्षकांनी शनिवारी दुपारी आपसांतच बालमानसशास्त्राचा अभ्यास सुरू केला. विधान परिषदेत शिक्षकांसाठी सात जागा आहेत, आणि आमच्या पदाधिकाऱ्यांचे निम्मे लक्ष तिकडे असते, ही कुजबुज मला आता निराधार वाटत नाही.

तरीही अनुदानित शाळेतील नव्या शिक्षकाने सेवापुस्तकातील नोंदी तपासून घेण्यासाठी तरी सभासद व्हावे. यंदाची वर्गणी मी भरली आहे; तिच्यासोबत मागील वर्षाचा लेखापरीक्षित जमाखर्च सभासदांपुढे ठेवावा, असे लेखी पत्रही दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे.