मुलाखतीच्या ऑनलाइन तयारीवर्गाचा चार महिन्यांचा अनुभव

आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठीची कॅट परीक्षा २४ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली आणि निकाल १९ डिसेंबरला लागला. निकालाची वाट न पाहता मी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आयआयएमच्या मुलाखतींची तयारी करून घेणाऱ्या एका ऑनलाइन वर्गाचे सहा हजार रुपये भरून टाकले होते. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही. या पैशांत आठ सराव मुलाखती, त्या प्रत्येकीचे चित्रीकरण, नमुना उत्तरांची पुस्तिका आणि दर रविवारी चालू घडामोडींचे व्याख्यान मिळते. रोज एखादा अग्रलेख लक्ष देऊन वाचणाऱ्याला त्या व्याख्यानातून वेगळे काही मिळत नाही. तिसऱ्या रविवारनंतर मी ते ऐकणे सोडून दिले.

खरा उपयोग झाला तो चित्रीकरणाचा. पहिल्या मुलाखतीनंतर मी समाधानाने उठले होते. रात्री तीच बारा मिनिटे पाहिली तेव्हा मी एकोणीस वेळा ‘बेसिकली’ म्हटलेले मोजले, आणि प्रश्न पुरता संपण्याआधीच माझी मान होकारार्थी हलू लागते हेही प्रथमच दिसले. शिक्षकांनी ही गोष्ट कितीही वेळा सांगितली असती तरी मला ती पटली नसती.

पुस्तिकेने मात्र नुकसानच केले. ‘एमबीए का करायचे?’ या प्रश्नाचे तिच्यातले उत्तर मी घोटून पाठ केले आणि तिसऱ्या सराव मुलाखतीत परीक्षकांनी माझे वाक्य मध्येच तोडून उरलेला भाग स्वतःच म्हणून दाखवला. त्या दिवशी चौथ्यांदा ते तेच उत्तर ऐकत होते. ज्या वर्गाने पुस्तिका दिली त्याच वर्गाच्या परीक्षकांनी तिची अशी संभावना करावी, याचे हसू यायला मला दोन दिवस लागले.

त्याच परीक्षकांनी माझा अर्ज पुन्हा वाचायला सांगितले. त्यात जिल्हा सांगली, पदवी यांत्रिक अभियांत्रिकीची आणि वडिलांचा व्यवसाय शेती असे लिहिले होते. आमच्या शेतात हळद असते आणि मला तिच्यावर धड पाच वाक्ये बोलता येत नव्हती. मग मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मामांबरोबर मी दोन सकाळी सौदे पाहिले, आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल त्यांना खोदून खोदून विचारले. जमिनीखालच्या त्या कोठारांत हवा खेळत नसल्यामुळे हळकुंडांना कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने पेव उघडल्यावर माणसाला लगेच आत उतरता येत नाही. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. हे सगळे मी आधी मामांना मराठीत समजावून सांगितले आणि नंतर फोनसमोर इंग्रजीत. हा क्रम उलटा केला असता तर पुन्हा पाठांतरच झाले असते असे मला वाटते.

फेब्रुवारीत मुंबईत झालेल्या मुलाखतीत समोर दोन प्राध्यापक होते. एमबीए का, हे त्यांनी विचारलेच नाही. हळद उघड्या कढईत शिजवण्याऐवजी वाफेच्या बॉयलरमध्ये शिजवली तर इंधन कुठे वाचते, हा पहिला प्रश्न होता. त्यावरून गाडी उष्णतेच्या वहनाकडे वळली आणि तिथून २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाकडे. मानांकनानंतर शेतकऱ्याच्या हातात नेमके किती जास्त पडले, या प्रश्नाला मी ‘माहीत नाही’ असे उत्तर दिले आणि आमच्या घरच्या विक्रीच्या पट्ट्यांवर (पावत्यांवर) तरी त्याचा वेगळा भाव दिसत नाही, एवढे सांगितले. त्या ठिकाणी मला प्रवेश मिळाला. इतर दोन ठिकाणी प्रतीक्षायादीवरच राहिले.

आज पुन्हा पैसे भरायचे झाल्यास मी सराव मुलाखतींपुरतेच भरीन. केवळ त्यांचे वेगळे शुल्क घेणारे वर्गही आहेत. सराव मुलाखतींच्या तारखा मात्र लवकर घ्याव्यात, कारण संस्थांकडून मुलाखतीचे कॉल येऊ लागले की चांगल्या परीक्षकांच्या वेळा मिळत नाहीत. माझ्या शेवटच्या दोन सराव मुलाखती त्यामुळेच एका नवख्या मुलाने घेतल्या आणि त्याने माझा अर्ज उघडूनही पाहिला नव्हता. आणखी एक, वर्गाची मुदत संपल्यावर तीस दिवसांनी सर्व चित्रीकरणे काढून टाकली जातात, आणि ही अट पैसे भरताना कुठेही दिसत नाही. माझी पहिली तीन तशीच गेली.