डेबियन १२ आणि लेझरजेट १०२०: झेरॉक्सच्या दुकानातून अभिप्राय

पाचापैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते पुढे येईल.

आर्णी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, आठ-अ, पीक विम्याचे कागद, लग्नसराईत पत्रिकेचं डीटीपी. काउंटरवर जुना कोअर टू ड्युओ, त्यावर डेबियन १२ म्हणजे बुकवर्म ही लिनक्सची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि बाजूला एचपीचा लेझरजेट १०२०. यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत डेस्कटॉप किती देखणा आहे ते दाखवतात. माझ्या गिऱ्हाइकाला त्याचं काही नाही. कागद निघाला पाहिजे, आणि लाइन जाऊन आल्यावर पुन्हा निघाला पाहिजे.

१०२० ची सगळी गोम त्या लाइनीतच आहे. हा प्रिंटर बंद झाला की सगळं विसरतो. चालू झाल्यावर कॉम्प्युटरने त्याला फर्मवेअरची, म्हणजे प्रिंटर आतून चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, फाईल परत पाठवली तरच तो कामाला लागतो. पान तयार करणंही त्याच्याकडे नाही. घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर पीडीएफचे काळे-पांढरे ठिपके करतं, मग फू-टू-झेडजेएस नावाचं ड्रायव्हरचं पॅकेज ते ठिपके जेबिग पद्धतीने दाबून झेडजेस्ट्रीम या प्रिंटरच्या भाषेत देतं. पॅकेज नसेल तर १०२० म्हणजे टेबलावरचा ठोकळा.

उन्हाळ्यात आमच्याकडे लाइनीचा काही नेम नसतो. कॉम्प्युटर यूपीएसवर तगतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावत नाहीत, पूड कागदावर वितळवणारा फ्यूजर तापताना इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस बोंबलायला लागतो. मग लाइन येते. १०२० चे रोलर घुर्र फिरून थांबतात. डेबियनमध्ये जोडलेली यंत्रं ओळखणाऱ्या यूडेव्हचा नियम प्रिंटर आला हे ओळखतो, फाईल पाठवतो, पुन्हा एकदा घुर्र, आणि हिरवा दिवा स्थिर. मला माऊसला हातही लावावा लागत नाही. तेवढ्यात समोरचे काका विचारतात, "काहून भाऊ, निघते का नाई सातबारा?" "निघते ना काका, त्याले जागा तं होऊ द्या." आणि निघतो.

आता मुद्द्याचं. हे पॅकेज म्हातारं झालं आहे. रिक रिचर्डसन यांनी लिहिलेलं. बुकवर्ममधल्या आवृत्तीचा आकडा २०२००५०५ पासून सुरू होतो, म्हणजे ५ मे २०२० ची तारीख. मूळ लेखकाकडून त्यानंतर नवं काही नाही. डेबियनची प्रिंटिंग टीम ते सांभाळते म्हणून ते आहे. असं पॅकेज ठेवावं की काढावं? याआधी मी वापरत होतो त्या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने (नाव घेत नाही), एका अपग्रेडमध्ये ड्रायव्हर काढला आणि भर हंगामात माझी रांग थेट बसस्टँडसमोरच्या दुकानात गेली. तेव्हा माझं मत कुठल्या बाजूला असणार हे उघड आहे. तरी जुनं ते सगळं ठेवा असं मी म्हणणार नाही.

पायथन २ ही प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा घ्या. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि डेबियन १२ मधून ते गेलं. चांगलं झालं. पासपोर्ट फोटो एका पानावर मांडायची माझी छोटी स्क्रिप्ट त्यात होती. प्रिंटच्या ओळींना कंस घातले आणि भागाकाराकडे लक्ष दिलं, की ती पायथन ३ वर चालायला लागली. डेबियन १३ ने, ९ ऑगस्ट २०२५ ला, ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) देणं बंद केलं, तेही पटलं. हजारो पॅकेजं एका मावळत्या हार्डवेअरसाठी पुन्हा पुन्हा बांधून तपासायची म्हणजे कोणाची तरी कंबर मोडणार.

पण प्रिंटरचा ड्रायव्हर तर ठिपके मोजतो, त्याच्यापासून कोणाला काय धोका, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये या म्हणण्यातली हवा थोडी गेली. लिनक्सवरची छपाई कप्स ही यंत्रणा सांभाळते; तिच्यासोबतचा, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा कप्स-ब्राउझ्ड नावाचा तुकडा ६३१ पोर्टवर (नेटवर्कच्या एका दारावर) कान लावून बसायचा. नेटवर्कवरचा कोणीही त्याला खोटा प्रिंटर दाखवू शकत होता, आणि तुम्ही त्यावर पान पाठवलं की समोरच्याची आज्ञा तुमच्या मशीनवर चालायची. दार उघडं ठेवलं ते कप्स-ब्राउझ्डने. पण आज्ञा चालवणारा होता फूमॅटिक-रिप, जो जुन्या ड्रायव्हरांसाठीच राखून ठेवलेला आहे. माझा १०२० त्याच्याच जिवावर चालतो. आज्ञा चालवायची त्याची ती सोय सरसकट काढली असती तर असे कितीतरी प्रिंटर एका रात्रीत मुके झाले असते. डेबियनने दुरुस्ती दिली, मी ती त्याच दिवशी घेतली, आणि कप्स-ब्राउझ्ड काढूनच टाकलं. यूएसबीचा एकच प्रिंटर असलेल्या दुकानात त्याचं काम तरी काय?

म्हणून माझं मत असं: पॅकेजचं वय पाहू नका. ते नेटवर्कला तोंड देऊन बसलं आहे का, आणि भोक सापडलं तर बुजवायला कोणी आहे का, हे पाहा. फू-टू-झेडजेएस या दोन्ही कसोट्यांवर आज तरी पास होतं. टीमने हात वर केले आणि दुसरं कोणी पुढे आलं नाही, तर डेबियनने ते काढावं. माझी तक्रार नसेल, फक्त एक आवृत्ती आधी सांगा.

अर्धा गुण कापला तो मोजणीसाठी. कोणतं पॅकेज किती जण वापरतात हे डेबियनला पॉपकॉन या ऐच्छिक मोजणीवरून कळतं. इन्स्टॉल करताना तो प्रश्न येतो, आणि तिथे आधीपासून 'नाही' निवडलेलं असतं. खाजगीपणासाठी ते बरोबरच आहे. पण आमच्यासारखे लोक पेन ड्राइव्हवरून एंटर दाबत दाबत इन्स्टॉल करतात. मग आकड्यांत आमचे जुने प्रिंटर येतच नाहीत. त्या आकड्यांवरून कोणी म्हणालं की १०२० आता कोण वापरतं, तर या पट्ट्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांतून एक चक्कर मारा म्हणावं. १०२० ला लागणारं बारा-ए चं कार्ट्रिज भरून देणारा पोरगा दर आठवड्याला येतो, आणि त्याची पिशवी कधी रिकामी नसते. मी आता पॉपकॉनला 'हो' केलं आहे. तुमच्याकडेही जुनं हार्डवेअर असेल तर करा.

घ्यावं का? जुना १०२० असेल तर डोळे झाकून डेबियन १२ टाका. एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट) धरून जून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील. फर्मवेअरची फाईल मात्र मुख्य भांडारात नाही, कारण ती मुक्त सॉफ्टवेअर नाही. ती एकदा नेट असताना उतरवून पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलं आहे का बघा. कप्सची तिसरी आवृत्ती पीपीडीवाले (प्रिंटरची माहिती वेगळ्या फाईलीत देणारे) जुने ड्रायव्हर थेट घेणार नाही असं ठरलं आहे, जुन्यांसाठी मधे प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन नावाचा दुवा साधणारा प्रोग्रॅम बसवावा लागेल. एअरप्रिंटवाल्याला ड्रायव्हरच लागत नाही. दुकानदाराने कितीही स्वस्तात लावला तरी फक्त विंडोजची सीडी असलेला प्रिंटर घेऊ नका.